आतला जोड की बाहेरचा

प्रोजेक्टरने एकदा डोळा मिचकावला आणि कायमचा मिटला. मास्तरीण हसली.

"बरं झालं," ती म्हणाली. "पडदा असला की तुम्ही पडद्याकडे बघता आणि मी भिंतीशी बोलते."

ग्रंथालयाची वरची खोली गच्च भरली होती. गेल्या खेपेला बहीण, भाऊजी आणि पंख्याखाली डुलकी काढायला आलेले एक गृहस्थ, एवढीच गर्दी होती. त्यातही सगळ्यात शेवटपर्यंत बसले ते गृहस्थ.

मास्तरीण हे घरच्यांनी ठेवलेलं नाव. डेटाबेस, म्हणजे ढीगभर माहिती टेबलांत नीट मांडून ठेवणारी सॉफ्टवेअरं, बनवायची चांगली नोकरी सोडून तिने ते शिकवायला 'टेबल मंडळ' काढलं होतं. या खेपेला ग्रंथपाल बाईंनी बजावलं होतं, "खुर्च्या भरल्या नाहीत तर खोली झुंबावाल्यांना. ते निदान घाम तरी गाळतात." आणि खोली गेली तर मुकाट्याने जुन्या नोकरीवर परत जाईन, असा शब्द तिने आईला दिला होता. आईने तिचे ऑफिसचे इस्त्रीचे कपडे काढूनही ठेवले होते.

आजच्या गर्दीचं श्रेय भाऊजींचं. ती त्यांना म्हणाली होती, "जाहिरात तुम्ही लिहा. इंग्रजी शब्द नको. रस्त्यावरच्या माणसाला कळलं पाहिजे."

"टेबल चालेल?"

"टेबल काय इंग्रजी राहिलंय होय?"

भाऊजींनी लिहिलं: 'टेबल मांडावं कसं, जोडावं कसं, टिकवावं कसं? अनुभवी हातांकडून शिका.' घरी स्वयंपाकघराच्या कपाटांचं काम निघालं होतं. त्या धावपळीत जिथे जिथे गेले तिथे तिथे कागद चिकटवून आले.

आणि माणसं आली होती. तिला हवी तशी. लॅपटॉप उघडून त्यात तोंड खुपसणारा एकही नाही. हातात कागद, आणि पेन नव्हे, पेन्सिल. चूक होणारच हे कबूल करून बसलेली माणसं. एकाच्या अंगठ्याला पट्टी होती. फार टायपिंग करत असणार बिचारा. एकाने बसण्याआधी समोरचं बाक बोटांनी वाजवून पाहिलं. या धंद्यात अंधश्रद्धाळू लोक पुष्कळ.

"पहिला नियम," मास्तरीण म्हणाली. "एकाच टेबलावर सगळा संसार थाटायचा नाही. गिऱ्हाइकाचं टेबल वेगळं, मालाचं वेगळं."

"हेच मी थोरल्याला सांगतो," मागून कोणीतरी म्हणालं.

"दुसरा. प्रत्येक टेबलाला किल्ली हवी. एका किल्लीने दोन गोष्टी उघडल्या तर ती किल्लीच नव्हे. किल्ली नसलेलं टेबल म्हणजे धर्मशाळा. कोण आलं, कोण गेलं, पत्ता नाही."

पेन्सिली चालू लागल्या. पहिल्या रांगेतले पिकल्या मिशांचे काका घसा खाकरून म्हणाले, "ताई, दोन टेबलं जोडायची झाली तर जोड आतला घ्यावा की बाहेरचा?"

मास्तरणीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. पहिल्याच दिवशी डेटाबेसातला 'इनर जॉइन की आउटर जॉइन' हा प्रश्न. ऑफिसात तिच्या साहेबांना हा प्रश्न कळायला दोन वर्षं लागली होती.

"जुळतं तेवढंच हवं असेल तर आतला. बाहेरच्या जोडात फटी राहतात."

"राहतात," काका दुःखाने म्हणाले. "आम्ही काहीबाही भरून दडपून देतो. गिऱ्हाइकाला कळत नाही."

"आज नाही कळत, काका. वर्षाने कळतं. फट आहे तर फट दिसू दे. खोटं भरू नका."

दोन-तीन माना खाली गेल्या. अंगठ्याला पट्टी बांधलेल्याने विचारलं, "आणि कीड लागली तर?"

"कीड प्रत्येकाच्या टेबलात असते. माझ्या नाही म्हणणारा एकतर नवखा, नाहीतर लबाड."

यावर पहिल्यांदा हशा पिकला. काकांनी तर शेजाऱ्याच्या पाठीत थाप घातली.

"शेवटचं. जुनं टेबल मोडीत काढायचं असेल तर आधी त्याची हुबेहूब नक्कल करून ठेवायची. मग मोडायचं."

"म्हणजे," काकांनी सावकाश विचारलं, "मोडण्यासाठी आधी तसंच दुसरं बनवायचं?"

"दरवेळी. आणि नक्कल ठेवायची दुसऱ्या इमारतीत. इथे आग लागली तर?"

काकांनी मागे वळून सगळ्यांकडे पाहिलं. "बघा," ते म्हणाले. "म्हणून आपण मागे राहिलो."

टाळ्या थांबेनात. ग्रंथपाल बाई दारातून आत आल्या. "झुंबावाल्यांना मी नाही म्हणून कळवलं," त्या म्हणाल्या. "वर्षभर खोली तुझी. अगं, एवढी शिस्तीची माणसं मी वाचनाला आलेलीसुद्धा पाहिली नाहीत. एकाने तर येता येता माझं कुरकुरणारं दार दुरुस्त केलं."

"सॉफ्टवेअरवाल्यांना काहीही अशक्य नसतं, बाई," मास्तरीण म्हणाली आणि मंडळाकडे वळली. आईने काढलेले इस्त्रीचे कपडे आता परत कपाटात जाणार होते. "पुढच्या खेपेला प्रात्यक्षिक. नुसतं ऐकून हात तयार होत नाही. प्रत्येकाने इथेच बसून आपापलं टेबल बनवायचं."

काका उठले, कानामागे पेन्सिल खोचली आणि अदबीने म्हणाले, "एकच शंका, ताई. लाकूड तुम्ही देणार, की आम्ही आपापलं आणायचं?"