तिसऱ्याची पंचाईत

पडद्यावर रेषा नव्हती. नुसता धूसर पसारा होता, ओल्या कागदावर शाई सांडावी तसा.

धाकटी खुर्चीत पाय वर घेऊन बसली होती. थोरली दारातच थबकली. दुपारनंतर यंत्रावर तिची वेळ होती, ती जरा लवकरच आली होती.

"बघ," धाकटी मागे न वळताच म्हणाली. "म्हण आता, खडाच खराब आहे म्हणून. तेवढंच तुला बरं वाटेल."

थोरलीच्या अगदी ओठांवर तेच आलं होतं.

दोघी सख्ख्या बहिणी, दोघींची प्रयोगशाळा वेगळी आणि वेड एकच. नखाएवढा हिरवट खडा, म्हणजे एक स्फटिक. त्याच्या आत अणूंचे इवलेसे चुंबक तीन-तीनच्या त्रिकोणात बसलेले. प्रत्येकाला शेजाऱ्याच्या उलट तोंड करायचं असतं. दोघांचं जमतं, तिसऱ्याची पंचाईत होते. हा कुणाच्या उलट वळणार? थोरलीनं आपल्या खड्यावर प्रयोग करून शोधनिबंध छापला होता की पुरेसं गार केलं की हे त्रिकूट शेवटी तडजोड करतं आणि गप्प बसतं. त्यावर तिचं नाव झालं. मग धाकटीनं शास्त्रज्ञांच्या भर सभेत उठून सांगितलं, "नाही बसत. कितीही गार करा, ते चुळबुळतच राहतात."

तेव्हापासून दोघी कामापुरतं बोलत. "एवढ्याशा खड्यावरून भांडता?" आईनं एकदा विचारलं होतं.

अणुभट्टीतून येणारा न्यूट्रॉनचा झोत खड्यावर सोडायचा. आतल्या चुंबकांना धक्का देऊन न्यूट्रॉन बाहेर पडतात आणि आतली हालचाल सांगतात. चुंबक शिस्तीत बसलेले असतील, तर धक्का लाटेसारखा पुढे जातो आणि पडद्यावर बारीक रेषा उमटते. ते बसलेलेच नसतील, तर असा पसारा. पण कचरा मिसळलेल्या खड्यातूनही पसाराच येतो. खरी अडचण तीच होती. त्यातून उद्यापासून अणुभट्टी दुरुस्तीला बंद, ती पुन्हा कधी सुरू होईल हे कुणीच छातीठोकपणे सांगत नव्हतं.

थोरलीनं 'खडाच खराब' म्हणून नुसती मान हलवली असती, तरी विषय संपला असता. सगळ्यांनी तिच्यावरच विश्वास ठेवला असता, धाकटीनंसुद्धा.

ती पडद्याजवळ गेली. पसाऱ्याला कडा होत्या. तो एका बाजूला दाट होता, दुसरीकडे विरळ, आणि पुढच्या चौकटीत पुन्हा तस्साच. कचरा इतका नेटका कधी पसरतो?

"मोठा चुंबक लावून पाहिलास?" तिनं विचारलं.

"कधी लावू? आता तुझी वेळ."

बाहेरून जबर चुंबक लावला की आतल्या सगळ्यांना एकाच दिशेला तोंड करावं लागतं. खडा स्वच्छ असेल, तर रेषा उमटणारच. आणि उमटली, तर मघाचा पसाराही खरा. मग दोष थोरलीच्या खड्यात आणि तिच्या निबंधात.

थोरली कोपऱ्यात बसलेल्या यंत्र चालवणाऱ्याकडे वळली. "माझा खडा राहू द्या. हिचाच ठेवा आणि चुंबक चढवा."

"ताई, अगं, रेषा आली तर तुझं काय होईल कळतंय ना?" धाकटी म्हणाली.

"मला गणित येतं."

मग नुसती वाट पाहणं. धाकटीनं बाहेरच्या कॉफीच्या यंत्रातून कॉफी आणली, ती भयंकर होती. दोघींनी एकदमच तोंड वाकडं केलं, आणि कितीतरी दिवसांनी दोघींना एकाच गोष्टीवर हसू आलं.

संध्याकाळ व्हायच्या आत पडदा बदलू लागला. पसारा कडेकडेनं आक्रसला. ठिपके एकमेकांना शोधत जवळ आले. एक रेषा वर चढली, वळली, खाली उतरली. केसासारखी बारीक, स्वच्छ.

धाकटी उडी मारेल असं थोरलीला वाटलं होतं. ती पडद्याकडे बघतच नव्हती, घाबरीघुबरी होऊन ताईकडे बघत होती.

थोरलीला वाटलं होतं पायाखालची जमीन सरकेल. तसं काहीच झालं नाही. ते त्रिकूट खरंच कधी गप्प बसत नव्हतं. मग ते करतं तरी काय? कॉलेजात पहिल्यांदा ऐकलं तेव्हा पडला होता तोच प्रश्न, कोराकरकरीत, पुन्हा समोर उभा होता. तिला भूक लागल्यासारखं झालं.

"ताई, हे आपण दोघींच्या नावानं छापू," धाकटी म्हणाली.

"मुळीच नाही. माझं नाव कुठेही घालायचं नाही."

धाकटीचा चेहरा उतरला. "अजून राग आहे?"

"वेडी आहेस का? माझंच नाव घातलं, तर तो तपासणार कोण? उद्यापासून मी तुझा निबंध खोडून काढायला बसणार आहे, जीव तोडून. माझ्याच्यानं नाही खोडला गेला, तर जगात कुणाच्याच्यानं खोडला जायचा नाही."