दोराची सावली

चाळीच्या गच्चीवर दुर्गाबाई ज्वारीचे बिबडे, म्हणजे जाडसर पापड, वाळत घालत होती, तेव्हा सलग तिसऱ्या दुपारी हेलिकॉप्टरची सावली आली. वर पाहावं, तर आभाळ रिकामं. ना घरघर, ना वारा. दोरीवरचं लुगडंसुद्धा हललं नाही.

"केसरमाय, बघा तरी!"

शेजारच्या केसरबाई हसल्या. "ऊन लागलं का वं माय तुले? मले तर नुसते बिबडेच दिसतात." आणि रिकामं पातेलं घेऊन त्या खाली गेल्या.

दुर्गाबाईचा वाल्मिक फौजेत होता, हेलिकॉप्टरमधून दोराने उतरणाऱ्या तुकडीत. "मोहिमेवर निघालोय, माय, फोन लागणार नाही," असं सांगून त्याला बारा दिवस झाले होते.

आज सावली खाली खाली येत होती. तिच्या कडा रेखीव झाल्या, फिरती पाती दिसू लागली. मग तिच्यातून दोराची बारीक रेघ सुटली नि लांबत लांबत दुर्गाबाईच्या पायाशी आली. भीतीपेक्षा तिला नवलच वाटलं. कुणी उतरताना मात्र दिसलं नाही.

ती बिबडे उलटायला वाकली, तर शेवटची ओळ आधीच उलटलेली. प्रत्येक बिबड्याची कड कुरतडलेली. अर्धवट वाळलेले बिबडे असे चोरून खायची खोड लहानपणी वाल्मिकला होती.

दोराची सावली वर सरकू लागली.

"थांब रे बाळा," म्हणत दुर्गाबाईने फरशीवरच्या त्या रेघेवर मूठ आवळली. मुठीत खरखरीत काहीतरी आलं. आणि वरून कुणीतरी अगदी हलकेच हिसका दिला.