लघुग्रहाचं बारसं

मंगळ आणि गुरूच्या मधल्या पट्ट्यात दीपमालानं शोधलेल्या लघुग्रहाला सहा वर्षांनी नंबर मिळाला आणि त्याला नाव सुचवायचा मान तिला. "माह्या नातीनं आभाळातला दगड हुडकला," असं सांगून सांगून शोभाताईंनी अख्ख्या प्रताप नगराचे कान किटवले होते.

आज दीपमालानं फॉर्म त्यांच्यापुढे धरला. "आजी, तुहं नाव टाकलं. शोभा."

"खोड ते."

"काहून वं, आजी?"

"लाजून राहिली ते," शोभाताईंचा मुलगा हसला.

"लाजते माही जुती!" त्या कडाडल्या. मग नातीकडे वळल्या. "एकदा लागलेलं नाव मांगून कोणी बदलवते का?"

"नाही. कोणालेच बदलवता येत नाही."

"सासूलेही नाही?"

"नाही वं आजी!"

शोभाताईंनी पदर नीट केला, मान ताठ केली.

"मंग लिही, पुंजा. लग्नाच्या दिवशी सासूनं ताटातल्या तांदळात शोभा लिहिलं, त्याच्या आधी मी पारशिवनीची पुंजा होती."