बद्द आवाज

स्लॅबच्या पोटाशी हातोडी मारून तृप्तीनं कान लावला. बद्द. वीतभर पुढं पुन्हा मारली. बद्दच.

“सुपाएवढं झालं, मॅडम,” परांचीवर तिच्या बाजूला खडू धरून बसलेला गोमाजी म्हणाला. “दिवाळीत ताटाएवढं होतं. मीच गोल मारला होता.”

आठ वर्षांपूर्वी मोहाडीकडच्या या पुलाच्या स्लॅबला खालून पोलादी पत्रा चिकटवला होता, बळ यावं म्हणून. पत्रा काँक्रीटला धरून असेल तिथं हातोडी खणकन वाजते. सुटला की बद्द. ज्युनिअर इंजिनिअर तृप्तीला हे पुस्तकानं शिकवलं, गोमाजीला मडकं वाजवून घेणाऱ्या बायकोनं.

वरून धानाचा ट्रक गेला. तिचा एक हात काँक्रीटवर होता, एक पत्र्यावर. आधी काँक्रीट हललं. पत्रा मागाहून, झोपेत दचकलेल्या लेकरासारखा.

तिनं खाली उतरून लक्ष्मणराव साहेबांना फोन लावला. “पूल बंद करा लागते, साहेब.”

“भार चाचणीत पास झाला न तो? चाळीस टन उभे केले होते आपण.”

“तेव्हा उभे होते. आता रोज येऊन-जाऊन राहिले.”

“अवो, धानाचा हंगाम आहे. तुमसरचे ट्रक काय उडत जातीन? सोमवारी पाहू.” साहेब हसले. “तुमची गुड्डी साडेचारच्या शाळेच्या बसमधी असते, म्हणून भेव लागून राहिलं काय?”

“लागते, साहेब.”

“मंग करा बंद. पण माझी ऑर्डर नाही. सस्पेंड झाल्या तर माझ्याकडं रडत येऊ नका.”

सव्वाचार झाले होते. तिनं जीप पुलाच्या तोंडाशी आडवी लावली. गोमाजी आपला लाल दुपट्टा घेऊन पलीकडच्या टोकाला धावला. थोड्या वेळानं बस आली, तिथंच थांबली. इतक्या लांबून खिडकीतलं एकही तोंड ओळखू येत नव्हतं. तरी तिनं हात हलवला.

अलीकडं ट्रकांची रांग लागली. पहिल्यातून टेकचंद ड्रायव्हर उतरला, कठड्याला एक लाथ मारून आला.

“लोखंड-सिमीट कुठं थकते काय, मॅडम? मिलवाला वाट पाहून राहिला. माझी एक खेप काढू द्या. एका खेपेनं काय होते?”

तिनं जीपची किल्ली खिशात टाकली.

“एकाच खेपेनं होते, भाऊ,” ती म्हणाली. “कोणत्या, ते मले माहीत नाही.”