मार्लिसचा गुडघा

"आज तरी आणलंय ना मार्लिसला?" टीगनने जाळीपलीकडून विचारलं.

ऑर्व्हिल डोनटचे खोके घेऊन पायऱ्या उतरला. सामन्याला अजून अवकाश होता. मैदानावर पोरी चेंडू फेकून हात मोकळे करत होत्या. बाकड्यांवर तुरळक माणसं, त्यातली बरीचशी पोरींचे आईबाप. ऑर्व्हिल कुणाचाच कुणी नव्हता. लार्क्स हा बायकांचा सॉफ्टबॉल संघ जिथे खेळेल तिथे आयोवाहून गाडी काढायची, असं त्याचं आणि त्याच्या बायकोचं, मार्लिसचं, कितीतरी उन्हाळे चाललं होतं. आज इंडियाना. या उन्हाळ्यात मात्र तो एकटाच येत होता.

"मोटेलवर आहे ती," तो म्हणाला. "प्रवासाने पाय आखडला."

"म्हातारबा, तुम्ही तिला लपवून ठेवलंय. आणि वर हे दुकानातले डोनट. खाऊन खाऊन मला धावताना धाप लागायला लागली."

"धाप तुला आधीपासून लागते."

"हे मार्लिस बोलली असती तर ऐकून घेतलं असतं."

टीगन संघाची कॅचर, बॅटवालीच्या मागे बसून चेंडू झेलणारी. आज तिचा शेवटचा सामना. या खेळात पोट भरत नाही, म्हणून ती नेब्रास्कातल्या एका शाळेत शिकवायला जाणार होती.

"खोली नंबर सांगा," ती म्हणाली. "ते समोरचंच मोटेल ना, हिरव्या पाटीचं? पळत जाऊन येते. सामना संपला की बस लगेच निघणार. तिला न भेटता नाही जायचं मला."

"झोपली असेल."

"मग उठवीन. पहिल्या वर्षी ओमाहात तिने माझं दार बडवून मला उठवलं होतं. कशासाठी, तर म्हणे तू चेंडूला डोळे मिटतेस. आज फिट्टंफाट करते."

"टीगन, राहू दे."

"बरं, फोन तरी लावा. दोन शब्द बोलते आणि सोडते तुम्हाला."

ऑर्व्हिलने खोके बाकड्यावर ठेवले. खिशातून फोन काढला. मार्लिसचं नाव सगळ्यात वर होतं. त्याने अंगठा त्याच्याजवळ नेला आणि तसाच उभा राहिला.

"ती उचलणार नाही," तो म्हणाला.

"का? रागावलीय माझ्यावर?"

"नाही गं." त्याने फोन परत खिशात घातला. "मार्लिस गेली. मार्चमध्ये."

पलीकडे कुणीतरी टीगनला हाक मारली. तिने मागे न बघता हात हलवला.

"पण मे महिन्यात तुम्ही म्हणालात, गुडघ्याचं ऑपरेशन झालं."

"म्हणालो."

"मग वॉकर घेऊन चालायला लागली म्हणालात."

"हो."

"आणि परवा काठी सुटली म्हणालात. बसमध्ये टाळ्या वाजवल्या आम्ही."

"तिथे चुकलंच माझं," ऑर्व्हिल म्हणाला. "फार लवकर बरी केली मी तिला."

टीगनने जाळीला धरलं. त्याने तिच्याकडे न बघता बोलायला सुरुवात केली.

"गावात सगळ्यांना ठाऊक आहे. चर्चमध्ये, दुकानात, पोस्टात. मी दिसलो की माणसं आवाज खाली करतात. तिचं नाव कुणी काढत नाही. मला त्रास होईल म्हणून. इथे आलो की तुम्ही पोरी पहिल्यांदा तिचंच विचारायचात. काय म्हणते, कुणाला शिव्या घालते, गुडघा कसा आहे. तेवढ्यासाठी मी गाडी काढायचो. खेळ बघायचं निमित्त."

"ऑर्व्हिल," ती म्हणाली. आजवर तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती.

"बाकीच्यांना सांगू नकोस. आज तरी."

तिने मान हलवली. जाळीतून बोटं घालून त्याच्या बोटांना लावली आणि वळून संघाच्या बाकाकडे गेली. सावकाश गेली. एरवी ती कुठेच सावकाश जात नसे.

बाकाच्या अलीकडच्या टोकाला डॅनिका बुटाची नाडी बांधत होती. तिने वर बघितलं आणि काहीतरी विचारलं. टीगनने मान हलवून नाही म्हटलं. डॅनिकाने उठून पुन्हा विचारलं. आता टीगनने चेहरा हातांत झाकला. ऑर्व्हिलला इतक्या लांबून शब्द ऐकू येत नव्हते. डॅनिकाने खाली बसून शेजारणीच्या खांद्यावर हात ठेवला. त्या शेजारणीने ऑर्व्हिलकडे बघितलं आणि लगेच नजर वळवली. मग ती तिच्या पलीकडच्या मुलीकडे वाकली. बाकावरची बडबड एका बाजूने थांबत थांबत पुढे चालली.

अगदी शेवटी रोझाली बसली होती. ती सूर्यफुलाच्या बियांची टरफलं कुणाच्या तरी हेल्मेटमध्ये भरत होती आणि एकटीच हसत होती. तिच्यापर्यंत अजून काही पोचलं नव्हतं. तिला ऑर्व्हिल दिसला. तिने स्वतःच्या गुडघ्यावर टिचकी मारली आणि भुवया उंचावल्या, कसा आहे म्हणून.

ऑर्व्हिलने अंगठा वर केला.