शेजारची खुर्ची

“पिशवीला पास आहे का, ताई?”

झब्बा घातलेल्या गृहस्थांनी विचारलं. नलिनी परब यांनी शेजारच्या खुर्चीवरची पिशवी उचलली नाही. उलट तिच्यावर आपली शाल ठेवली.

“मिस्टर येतायत,” त्या म्हणाल्या.

गृहस्थ भिंतीला टेकून उभे राहिले.

चारकोपच्या त्या हॉलमध्ये जुन्या गाण्यांचा कार्यक्रम होता. पास फुकट, खुर्च्यांना नंबर नाहीत. अशा ठिकाणी मालकी रुमालाने ठरते. फ्लॅटच्या कागदांवरून सख्ख्या भावाशी वीस वर्षं कोर्टात भांडणारा माणूसही परक्याचा रुमाल दिसला की मुकाट्याने पुढची खुर्ची बघतो. पण तिसरी रांग, मधली खुर्ची आणि घड्याळात सव्वासहा म्हटल्यावर हा कायदाही जरा सैल होतो.

नलिनीताई साडेचारलाच आल्या होत्या. सगळी नोकरी पोस्टाच्या काउंटरमागे गेल्यामुळे रांग त्यांनी कायम आतून पाहिलेली. आज पहिल्यांदा त्या रांगेच्या तोंडाशी उभ्या होत्या. दार उघडल्यावर ज्या वेगाने त्या आत शिरल्या, तो पाहून संयोजक नितेश घाबरला. “काकू, सावकाश! गाणी पळून नाही जात.”

त्यांना गाणी नको होती. एकच गाणं हवं होतं, यादीतलं चौथं. त्यात दुसऱ्या कडव्याआधी बासरी वर वर चढते आणि एकदम थांबते. मग गाणाऱ्या बाईंचा आवाज येईपर्यंत एक क्षण काहीच नसतं. दहिसरच्या चाळीत, माहेरी, रेडिओला कान लावून त्यांनी तो क्षण ऐकला होता, तेव्हा अंगावर काटा आला होता. लग्नानंतरच्या चौतीस वर्षांत हे गाणं त्यांनी निदान शंभरदा ऐकलं असेल. रेडिओवर, कॅसेटवर, मोबाइलवर, असल्या कार्यक्रमांत. तो क्षण मात्र पुन्हा एकदाही मिळाला नाही.

आज मूळ रेकॉर्डवरचे बासरीवाले धोंडिराम स्वतः वाजवणार होते. वय ब्याऐंशी. ‘अखेरचं वादन’ असं जाहिरातीतच छापलं होतं. म्हणजे पुढच्या वर्षी बघू म्हणायची सोय नव्हती.

एसी सुरू झाला. मोगऱ्याचे गजरे, गुडघ्यांचा बाम आणि बाहेरच्या कढईतले वडे यांचा मिळून एकच वास हॉलभर पसरला. नलिनीताईंनी आपला वडा आधीच खाऊन घेतला होता. एकटीने, कडकडीत गरम, दोन्ही मिरच्यांसकट. आता मध्यंतरापर्यंत त्यांना कशासाठीही उठायचं नव्हतं.

“काकू, काका कुठवर पोचले?” नितेश पुन्हा आला. “लोक उभे आहेत हो. शिव्या मला पडतायत.”

“येतील.”

“फोन तरी लावा.”

“गरज नाही. पहिल्या गाण्याच्या आत येतात. आजवर चुकले नाहीत.”

“मग येईपर्यंत या काकांना बसू दे ना. आले की उठतील.”

“म्हणूनच नको,” नलिनीताई म्हणाल्या.

नितेशला यातलं काही कळलं नाही. मागच्या रांगेतल्या सपना नावाच्या बाईंना मात्र सगळं कळलं. “राहू दे रे नितेश,” त्या म्हणाल्या. “या वयात नवऱ्यासाठी इतकं भांडणारी बाई बघायला तरी मिळते का? आमच्याकडे मी एका रांगेत नि हे घरी मॅच बघत.”

सहा अठ्ठावीसला चंद्रप्रकाश परब आले. भावाकडून परस्पर आले होते. कपाळावर घाम, एका हातात वड्यांचा पुडा, दुसऱ्या हातात पानात बांधलेला गजरा. रांगेला आनंद झाला.

“आले, आले! या काका!” सपनाबाई ओरडल्या. “बायकोने खिंड लढवलीय तुमच्यासाठी!”

मुंबईत बसमध्ये म्हाताऱ्याला कोणी जागा देत नाही. पण नवऱ्याला बायकोशेजारी बसवायचं म्हटलं की अनोळखी माणसंही गुडघे आवळतात. सात जोड्या गुडघे आवळले गेले. चंद्रप्रकाश त्यांच्यातून वाट काढत खुर्चीपर्यंत पोचले आणि कौतुकाने हसले.

“काय जागा पकडलीस गं! झकास! उचल पिशवी.”

“तुमची खुर्ची मागे आहे,” नलिनीताई म्हणाल्या. “अठरावी रांग, कडेची. तुमचाच निळा रुमाल टाकलाय. इस्त्रीचा.”

आवळलेले गुडघे तसेच राहिले.

“आणि मग ही?”

नलिनीताईंनी पिशवी मांडीवर घेतली, शाल पांघरली आणि भिंतीकडे पाहून मान हलवली. “या, बसा तुम्ही. मघाशी बसवलं असतं, तर यांनी गोड बोलून तुम्हाला उठवलं असतं. मागच्या वर्षी एकाला उठवलंच.”

झब्बेवाले संकोचत आले आणि खुर्चीच्या अगदी कडेवर बसले. चंद्रप्रकाश हातात गजरा घेऊन तसेच उभे. पडदा हलायला लागला होता.

“अगं, पण झालं काय? माझं काही चुकलं का?”

“काही नाही.” नलिनीताईंनी त्यांच्या हातातला गजरा घेतला, केसात माळला आणि नजर स्टेजकडे वळवली. “चौतीस वर्षं, बासरी थांबली रे थांबली की तुम्ही माझ्या कानाशी येऊन ‘आता ऐक’ म्हणता. आज ऐकते.”