न झोपणारा चेंडू

मी बनवलेल्या कॉम्प्युटर गेममधला चेंडू उतारावरून इतका झकास घरंगळायचा की विनिपेगच्या आमच्या शाळेत मी दोन दिवस मिरवत होते. फक्त थांबल्यावर तो झोपत नव्हता. थांबलेल्या वस्तूला गेम आपोआप झोपवतो, म्हणजे तिची हालचाल मोजणं बंद करतो. कुणी तिला हलवत असेल, तरच ती जागी राहते. आणि चार वाजता गेम स्पर्धेला पाठवायचा होता.

माझा संशय सरळ माझ्या वर्गातल्या वायटवर. काल माझ्या कॉम्प्युटरवर तोच बसला होता.

"काय घुसडलंस माझ्या कोडमध्ये?"

"दारियाबाई, तुमच्या कोडला हात लावायची माझी काय बिशाद?"

कुठे काय टेकलंय ते दाखवणारी सोय मी चालू केली. प्रत्येक स्पर्शाला एक लाल ठिपका. चेंडूखाली फरशीचा एक होता. वर आणखी पाच होते. चार ओळीत, एक जरा खाली, बाजूला, अंगठ्यासारखा.

"वायट, खरं सांग."

आता तो हसत नव्हता. "फरशी काढून टाक. पडतो का बघू."

मी फरशी डिलीट केली.

चेंडू तिथेच राहिला. फरशीचा ठिपका गेला होता. उरलेले मी मोजले.

दहा होते.